जास्वंदीची फांदी रुजवताना

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, आषाढ महिन्यात झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



फुलाची रचना शिकवावयाची असली की शाळेच्या प्रयोगशाळेत जास्वंद येते. फूल मोठे, अवयव ठळक, आणि कोणत्याही अंगणात सहज मिळणारे. विद्यार्थी पात्याने फूल उभे चिरतात आणि वहीत आकृती काढून नावे देतात : निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. मधल्या लांब नलिकेवर पिवळ्या परागकोशांची गर्दी, तिच्या टोकाशी कुक्षीची पाच मखमली टोके, आणि तळाशी अंडाशय. पुढच्या तासाला परागण, फलन आणि बीजनिर्मिती शिकविली जाते. त्याच फुलाच्या पाकळ्यांचा अर्क पुन्हा रसायनाच्या तासाला उपयोगी पडतो. आम्लात तो गडद गुलाबी होतो आणि आम्लारीत हिरवा.

इतक्या ओळखीच्या या झाडाविषयी एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जास्वंदीचे बी कोणी पाहिले आहे काय? भेंडी, अंबाडी आणि कापूस ही तिच्याच कुळातील झाडे. भेंडीचे बी स्वयंपाकघरात रोज दिसते, सरकी तर गाईम्हशींच्या आंबोणात असते. अंगणातील जास्वंदीला मात्र वर्षानुवर्षे फुले येतात आणि गळून जातात. बोंड काही धरत नाही. ज्या फुलावर बीजनिर्मिती शिकविली जाते, ते फूल स्वतः बहुधा बी देत नाही.

याचे कारण तिच्या इतिहासात आहे. अंगणात आढळणारी जास्वंद पिढ्यान्‌पिढ्या माणसाने जोपासलेली आहे. रानात आपोआप वाढणारी अशी ती सापडत नाही. पुष्कळदा संकर होऊन तिच्या गुणसूत्रांची संख्या वाणावाणांत निराळी झाली आहे आणि त्यामुळे बहुतेक वाणांत बी धरण्याची क्षमता उरलेली नाही. काही वाणांना हाताने परागण केल्यास बी धरते, पण त्या बियांपासून येणारे रोप आईसारखे निघत नाही. म्हणून जास्वंदीची एखादी विशिष्ट जात टिकवावयाची, तर तिची फांदी कापून रुजविणे हाच सर्वांत साधा मार्ग होय. कोणी फांदी लावली नाही, तर ते झाड आपल्या आयुष्याच्या शेवटी संपते.

या एका गोष्टीकडे लक्ष वेधावे एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे. अंगणात दिसणारी प्रत्येक जुनी जास्वंद कोणीतरी कोणाला तरी दिलेली आहे.

तिचा हा प्रवास किती दूरवरचा आहे, हे तिच्या नावांवरून कळते. संस्कृतात ती जपा. स्फटिकाजवळ लाल जपाकुसुम ठेवले असता स्फटिकच लाल भासतो, हा दृष्टांत भारतीय दर्शनांत वारंवार येतो. नवग्रहस्तोत्रात सूर्याच्या वर्णाला याच फुलाची उपमा दिली आहे. बंगालीत ती जबा, आणि कालीमातेच्या पूजेत तिचा मान पहिला. हिंदीत गुडहल, कन्नडमध्ये दासवाळ. तेलुगूत तिला मंदारम् म्हणतात. मराठी माणूस मंदार म्हटल्यावर रुई समजतो, आणि गंमत अशी की दोन्ही फुले गणपतीला प्रिय मानली जातात. तमिळमध्ये ती सेंबरुत्ति, म्हणजे लाल कापूस. कापसाशी असलेले तिचे नाते त्या भाषेने नावातच नोंदवून ठेवले आहे. 'हॉर्टस मलबारिकस' हा केरळातील वनस्पतींवरचा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला, त्यात ती तिच्या मल्याळी नावाने आली आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने तिला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ चीनचा गुलाब असा होतो. आणि या आपल्या बडोद्यात, गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडी ती आहे जासूद. पेशवाईच्या कागदपत्रांत जासूद म्हणजे पत्रे पोहोचविणारा निरोप्या. हे साम्य केवळ उच्चाराचे आहे, तरी मराठी कानाला ते नाव या फुलाला शोभते असे वाटल्यावाचून राहत नाही.

फांदीपासून वाढविलेले रोप हे मूळ झाडाचे अपत्य नसून तेच झाड असते. त्याच्या पेशींतील गुणसूत्रे तीच, फुलाचा रंग तोच, बहराचा काळ तोच. विज्ञानात अशा वंशजाला 'क्लोन' म्हणतात. हा शब्द आज प्रयोगशाळेतील मेंढीची आठवण करून देतो. पण १९०३ मध्ये हर्बर्ट वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने तो बागाइती झाडांसाठी योजला, आणि त्याचे मूळ 'फाटा' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. मराठीत या क्रियेला छाट कलम किंवा फाटे कलम म्हणतात. शब्द जुनाच आहे, आणि कृतीही घरच्या घरी होण्यासारखी आहे.

आता ती कृती क्रमाने पाहू.

प्रथम काळ. झाड वाढीच्या जोमात असताना आणि हवेत ओल असताना फांदी सहज रुजते. बडोद्यात जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊसकाळ, त्यातही आषाढ-श्रावण हा सर्वांत अनुकूल. तो हुकल्यास फेब्रुवारी अखेर ते मार्चचा पूर्वार्ध चालतो. एप्रिल-मेच्या झळांत फांदी सुकते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत ती नुसती थांबून राहते. ज्यांचे आप्त चेन्नईला आहेत त्यांनी तेथील पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो हे ध्यानात घ्यावे. दिल्ली-ग्वाल्हेरकडील नातेवाइकांनी कडक हिवाळा आणि लू दोन्ही टाळावेत. झाड पंचांग नव्हे, स्थानिक हवामान मानते.

दुसरी गोष्ट, फांदीची निवड. शेंड्याकडची कोवळी हिरवी फांदी लवकर कुजते. बुंध्याकडची जून, करड्या सालीची फांदी रुजण्यास फार वेळ घेते. या दोहोंमधील, म्हणजे हिरवटपणा जाऊन तपकिरी होऊ लागलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घ्यावी. वाकविली असता ती लवचिक वाटावी, पण लोंबू नये. झाड निरोगी असावे. पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसत असेल, तर त्या झाडाची फांदी घेऊ नये. फांदीबरोबर कीडही घरी येते. फांदी सकाळी कापावी, कारण त्या वेळी तिच्यात पाणी भरपूर असते.

तिसरी गोष्ट, काप. फांदीचा तुकडा ४ ते ६ इंचांचा पुरे, त्यावर निदान तीन-चार पेरे असावीत. खालचा काप पेराच्या किंचित खाली, तिरपा घ्यावा. वरचा काप पेराच्या किंचित वर, सरळ घ्यावा. या वेगळेपणाचा मोठा उपयोग असा की काडी लावताना वरचे-खालचे टोक ओळखता येते. झाडाच्या वाढीचे नियमन करणारी ऑक्सिन ही द्रव्ये शेंड्याकडून बुंध्याकडे वाहतात आणि खालच्या टोकाशी साठून तेथे मुळांना चालना देतात. उलटी लावलेली काडी म्हणून सहसा रुजत नाही. कात्री धारदार आणि स्वच्छ असावी. चेंगरलेल्या सालीतून कूज शिरते.

नंतर खालची पाने काढून टाकावीत आणि शेंड्याकडील दोनच ठेवावीत. ती मोठी असल्यास निम्मी कापावीत. पानातून पाण्याची वाफ होते आणि काडीला ते पाणी शोषून घेण्यास अद्याप मूळ नाही. परंतु पाने सगळीच काढली तर अन्न तयार होणे थांबते. दोन अर्धी पाने हा त्यातील मध्यममार्ग आहे. कळ्या मात्र सर्व खुडाव्यात. हे काम मुलांना जड जाते, कारण उद्या उमलणारी कळी तोडवत नाही. परंतु एका दिवसाच्या फुलासाठी काडी आपली शिदोरी खर्च करील आणि मुळांना काही उरणार नाही.

चौथी गोष्ट, माध्यम. येथे पुष्कळांची चूक होते. चांगले रोप यावे म्हणून बागेतील काळी माती आणि भरपूर शेणखत घातले जाते. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि मूळ नसलेल्या काडीला खताचा काही उपयोग नसतो. उलट कूज लवकर लागते. धुतलेली जाड वाळू निम्मी आणि नारळाच्या काथ्याचा भुसा निम्मा, एवढेच पुरे. कुंडी नसेल तर दुधाची रिकामी पिशवी चालते. तिला तळाशी चार-पाच भोके पाडावीत. काडी थेट खुपसू नये, सालीला इजा होते. आधी दुसऱ्या काटकीने भोक करावे, काडीची किमान दोन पेरी आत जातील अशी ती ठेवावी आणि भोवतालचे मिश्रण बोटांनी दाबावे.

रोपवाटिकांतून मुळे फुटण्याची पूड मिळते. इंडॉल ब्युटिरिक आम्ल हा तिचा मुख्य घटक. १९३० नंतरच्या दशकात त्याचा उपयोग लक्षात आला आणि जगभर बागाईत सोपी झाली. पूड उपलब्ध असल्यास काडीचे ओले टोक तिच्यात बुडवून झटकावे. साध्या लाल जास्वंदीला तिची गरज भासत नाही. झाडाजवळ स्वतःचे ऑक्सिन असते. काही घरांत काडी पाण्याच्या बाटलीत ठेवतात. तिलाही मुळे फुटतात, पण पाण्यातील मुळे ठिसूळ असतात, आणि मातीत नेताना मोडतात. हा मार्ग धरल्यास मुळे बोटाच्या पेराएवढी होताच काडी मातीत हलवावी, फार लांब होऊ देऊ नयेत.

पाचवी गोष्ट, ओलावा. काडीला हवेतील ओल हवी, मुळाशी डबके नको. एकदा नीट पाणी घालून निथळू द्यावे आणि वर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी घालावी. आतून थेंब जमलेले दिसले की ओल पुरेशी आहे असे समजावे. दोन-तीन दिवसांनी थोडा वेळ झाकण काढून हवा द्यावी. कुंडी भरपूर उजेडाच्या, परंतु उन्हाच्या नव्हे, अशा जागी ठेवावी. झाकणासह उन्हात ठेवलेली काडी दुपारपर्यंत उकडून निघते.

यानंतरची गोष्ट सर्वांत कठीण, ती म्हणजे वाट पाहणे. मुळे फुटण्यास साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. आधी कापाच्या जागी पांढरट गाठ येते आणि पुढे कापाजवळून व पेराजवळून मुळे निघतात. बीजापासून आलेले मूळ भ्रूणातच ठरलेले असते. ही मुळे मात्र खोडातून निघतात, म्हणून वनस्पतिशास्त्र त्यांना आगंतुक मुळे म्हणते. हे सर्व मातीखाली घडते आणि वरून काही दिसत नाही. उलट, वरून जे दिसते ते फसविणारे असते. पंधरा दिवसांत डोळा फुटून दोन पोपटी पाने येतात, घरात आनंद होतो, कोणी कुंडी उन्हात नेते, आणि चार दिवसांत काडी मान टाकते. ती पाने काडीतील साठ्यावर आलेली असतात. पालवी दिसली म्हणजे मूळ धरले, असे नव्हे.

मूळ आले की नाही हे पाहण्यासाठी काडी उपटून बघणाऱ्याच्या हाती बहुधा मोडलेली मुळे येतात. पालकहो, शिक्षकांनाही हा मोह होत असतो. दर आठवड्याला चाचणी घेतल्याने काही मुळे लवकर वाढत नाहीत. कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरे मूळ दिसू लागेपर्यंत थांबावे. ते न दिसले तरी नवी पाने सलग तीन-चार आठवडे येत राहिली आणि मोठी होत गेली, म्हणजे खाली काम सुरू झाले असे समजण्यास हरकत नाही.

आणि सर्व नीट करूनही काही काड्या जातील. म्हणून एक काडी कधीही लावू नये. सहा इंचांच्या कुंडीत चार-पाच लावाव्यात. काळी पडलेली काडी लगेच काढून टाकावी, कारण तिची कूज शेजारच्या काडीला लागते.

मुळे धरलेले रोप माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग घेऊन केलेल्या मिश्रणात हलवावे. आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचे कोवळे ऊन, मग पूर्ण ऊन, अशा क्रमाने न्यावे. फांदी पोक्त झाडाची असल्यामुळे बीजाच्या रोपापेक्षा तिला कळी लवकर येते. पहिल्या एक-दोन कळ्या खुडल्या तर रोप बळकट होते. पुढे रोज निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. सावलीतील जास्वंद पानांनी भरते, फुलत नाही.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. रोपवाटिकेत बशीएवढ्या फुलांची, पिवळी, केशरी, दुरंगी जास्वंद तयार मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी? ती फुले सुंदर आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांतील पुष्कळ संकरित वाण स्वतःच्या मुळांवर नीट तग धरत नाहीत, म्हणून ते दुसऱ्या खुंटावर कलम केलेले असतात, आणि त्यांची फांदी घरी रुजविणे कठीण जाते. जुनी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद ऊन, पाऊस आणि आठवडाभराची गैरहजेरी सहन करते, आणि मागेल त्याला फांदी देते. तिला बाजारात भाव नसल्यामुळे रोपवाटिकांत ती कमी होत चालली आहे. जे झाड सर्वांकडे होते, ते विकत घेण्याची वेळ कोणावर आली नाही. म्हणून ते विकावयासही कोणी ठेवले नाही.

आणि ज्या अंगणांत ते होते, ती अंगणे आता जात आहेत. गायकवाडी काळातील वाडे, त्यांच्यामागची परसे, विहिरीकडेची फुलझाडे यांच्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत. कुटुंबांना राहण्यास जागा हवी, त्याबद्दल तक्रार करून चालणार नाही. मात्र वाडा पाडण्यापूर्वी देव, भांडी, जुने फोटो, कागदपत्रे सारे काळजीने हलविले जाते, आणि परसातील जास्वंद एका सकाळी यंत्राच्या दातांखाली जाते. चिंच किंवा कडुनिंब पडला तरी त्याचे बी कुठेतरी पडलेले असते. जास्वंदीचे तसे नाही. सहा इंचांची एक फांदी आदल्या महिन्यात कापली असती, तर तेच झाड चौथ्या मजल्याच्या गच्चीवर फुलले असते.

हे बोलण्याचे निमित्त दूरचे नाही. शाळेच्या जुन्या इमारतीमागे, पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत, जास्वंदीचे जे कुंपण आहे, ते शाळेइतकेच जुने आहे. ते कोणी लावले याची नोंद शाळेच्या दप्तरात नाही. साठ वर्षांत गणेशोत्सवाची आणि शारदापूजनाची फुले त्यावरून आली, प्रयोगशाळेतील फुले त्यावरून आली, आणि मधल्या सुट्टीत त्याच्या देठातील मध चोखण्याबद्दल कित्येक पिढ्यांनी शिक्षा भोगली. नव्या इमारतीचा पाया येत्या मार्चमध्ये खणला जाईल तेव्हा हे कुंपण काढावे लागणार आहे. वर्गखोल्यांची गरज खरी आहे आणि निर्णय योग्य आहे. मार्चला अजून आठ महिने आहेत, आणि श्रावण पुढच्या आठवड्यात लागतो.

या शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलांच्या घराबाहेर गुजराती बोलली जाते, वर्तमानपत्र हिंदी किंवा गुजराती येते आणि पुढील शिक्षणासाठी इंग्रजी वाट पाहत असते. महाराष्ट्रातील मुलाला मराठी रस्त्यावर, दुकानात, पाटीवर आपोआप भेटते. येथे ती तशी भेटत नाही. येथील प्रत्येक मराठी बोलणारे मूल हे कोणीतरी त्याच्याशी जाणीवपूर्वक मराठी बोलले म्हणून मराठी बोलते. वर्ग लहान होत आहेत, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यावर एका व्याख्यानात उपाय सांगता येणार नाही. परंतु जे आपोआप पडून उगवत नाही ते हातानेच लावावे लागते, एवढे तरी या कुंपणापासून शिकता येईल, आणि ते करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते.

म्हणून शाळेने असे ठरविले आहे की श्रावणातील पहिल्या दोन शनिवारी सकाळी ८ ते १० या वेळात कुंपणाच्या फांद्या कापून दिल्या जातील. आठवी व नववीचे विद्यार्थी काप घेतील, लहान वर्ग पिशव्या भरतील. प्रत्येक कुटुंबास पाच काड्या मिळतील. त्यांतील रुजलेली एक घरी ठेवावी, एक शेजाऱ्यास द्यावी. शेजारी मराठी असलाच पाहिजे असे नाही, जासूद म्हणूनही ती तितकीच फुलते. आणि ज्यांच्याकडे दोहोंहून अधिक जगतील, त्यांनी फेब्रुवारीत एक रोप शाळेस परत आणावे. नव्या इमारतीच्या आराखड्यात दक्षिणेकडील भिंतीलगत चार फुटांची पट्टी त्यासाठी राखून ठेवली आहे. तेथे लावले जाणारे कुंपण नवे नसेल, जुनेच असेल.

प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर फांदी कोठून घेतली, कोणत्या तारखेस लावली आणि कोणी लावली, एवढे लिहावे. साठ वर्षांपूर्वी हे कुंपण लावणाऱ्याचे नाव राहून गेले. या वेळी ते राहू नये.